वेदनाशमन : भीती आणि नफा यांच्या कचाट्यात

औषधांसाठी लागणाऱ्या अफूची कायदेशीर लागवड जगातील ज्या थोड्या देशांत होते, त्यांत भारताचे स्थान मोठे आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच, राजस्थानातील चितोडगड या भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते, बोंडांतून निघणारा चीक सरकारच विकत घेते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. याच चिकापासून मॉर्फिन मिळते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर इतके खात्रीचे आणि स्वस्त औषध आजही क्वचितच सापडेल. असे असूनही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारतातील रुग्णांना गरजेच्या अवघी ४ टक्के इतकीच ही औषधे मिळत होती. ज्याच्या शेतात पीक, त्याच्याच घरी उपास, अशी ही अवस्था आहे.

तिचे मूळ १९८५ च्या अमली द्रव्यविरोधी कायद्यात आहे. चोरट्या व्यापाराला जरब बसावी म्हणून त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद झाली. पण चोरटा व्यापारी आणि रुग्णालयातील औषधपाल यांच्यात कायद्याने पुरेसा भेद केला नाही. मॉर्फिन बाळगण्यासाठी चार-पाच निरनिराळे परवाने लागत, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे, आणि कारकुनी चूकही तुरुंगाची वाट दाखवील, ही धास्ती कायम असे. परिणामी रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. १९९७ मध्ये सबंध देशात वैद्यकीय कारणासाठी वापरले गेलेले मॉर्फिन अवघे १८ किलोग्रॅम होते. व्यसन थांबले नाही. थांबले ते औषध.

याच काळात अमेरिकेत अगदी उलट प्रकार घडत होता. ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय द्रव्याची 'ऑक्सिकॉन्टिन' ही गोळी पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणली. औषध शरीरात सावकाश उतरत असल्याने व्यसनाचा धोका कमी, असा प्रचार झाला. कर्करोगाच्या रुग्णांसाठी योग्य असलेले औषध पाठदुखी-सांधेदुखीच्या रुग्णांनाही महिनोन् महिने दिले जाऊ लागले. हा प्रचार दिशाभूल करणारा होता, हे कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात मान्य केले. २०२० मध्ये तिने पुन्हा फौजदारी गुन्ह्यांची कबुली दिली. परंतु तोवर व्यसन घरोघर पोहोचले होते. गोळ्यांवर निर्बंध आले तेव्हा व्यसनी माणसे हेरॉइनकडे आणि पुढे चोरट्या फेंटानिलकडे वळली. २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षी अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने दरसाल एक लाखाहून अधिक माणसे दगावली.

हे पाहून भारताचा कडक कायदाच शहाणपणाचा होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण तो चुकीचा ठरेल. अफूवर्गीय औषधे मेंदू व मज्जारज्जू यांतील विशिष्ट ग्राहींना चिकटून वेदनेची जाणीव बोथट करतात. त्याबरोबरच बद्धकोष्ठता होते, आणि मात्रा बेताबाहेर गेल्यास श्वासोच्छ्वास मंदावतो. दीर्घकाळ घेतल्यास शरीराला त्यांची सवय होते. मात्र ही सवय म्हणजे व्यसन नव्हे. मात्रा हळूहळू कमी करून शरीराची सवय सोडवता येते. व्यसनात माणूस परिणामांची पर्वा न करता औषधामागे धावतो. कर्करोगाच्या रुग्णाला अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन आणि पाठदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेली गोळी, यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

केरळने हे कृतीने दाखवून दिले. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या वेदनाशमन केंद्रातून स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली, आणि २००८ मध्ये राज्य सरकारने उपशामक उपचारांचे धोरण स्वीकारले. असह्य वेदनेचे रुग्ण घरच्या अंथरुणावर मॉर्फिन घेऊ लागले, तरी केरळात अमेरिकेसारखी आपत्ती ओढवली नाही. १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन झालेल्या शांती आवेदना सदनासारख्या संस्थांनी अखेरच्या दिवसांतील रुग्णांची सेवा केली. पण अशी सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवण्याचे काम बाकीच राहिले.

२०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकच नियमावली आली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी ठरली. तरीही २०१७ चा अहवाल वर सांगितलेलेच चित्र दाखवतो. कायद्याचा सुंभ जळाला, पण भीतीचा पीळ राहिला. त्याचे एक कारण असे, की डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिन न वापरताच पदवीधर झाल्या; वेदनाशमनाला एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात नीट स्थान मिळाले ते २०१९ मध्ये. दुसरे कारण उघडपणे कमी बोलले जाते. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, तिच्यात नफा नाही. म्हणून तिची शिफारस करत डॉक्टरांचे उंबरठे झिजवणारा विक्रेताही नाही.

नफा असलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. ट्रॅमाडॉलचा गैरवापर वाढल्यावर सरकारला २०१८ मध्ये ते अमली द्रव्यांच्या कायद्याखाली आणावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या, भारतात बनलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाले, आणि केंद्र सरकारने त्यांचे उत्पादन व निर्यात थांबवण्याचा आदेश दिला. म्हणजे परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत पोहोचू न शकणारा खेड्यातील रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत असताना, याच देशातून नशेच्या गोळ्या समुद्रापार जात होत्या.

तेव्हा प्रश्न कायदा कडक असावा की सैल, एवढाच नाही. त्याची धार कोणाकडे वळलेली असावी, हा आहे. कंपन्यांचा प्रचार, निर्यातीचे परवाने आणि चिठ्ठीवाचून होणारी विक्री यांवर करडी नजर हवी. त्याच वेळी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असलाच पाहिजे. गोळी हातात घेणाऱ्या रुग्णाकडे संशयाने आणि ती विकणाऱ्या उद्योगाकडे विश्वासाने पाहण्याची रीत उलटी करावी लागेल. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचा मोर्चा निघत नाही. त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी म्हणूनच शासनावर आणि समाजावर येते.