शेतीच्या शब्दांची मोजदाद

शेतीविषयक ज्ञान पुस्तकांतून व पत्रिकांतून जसे साठविले जाते, तसेच ते आज संगणकातही साठविले जाते. तेथे त्याची मांडणी पानांवार नसून जाळ्यासारखी असते. तूर ही एक गाठ, शेंगा पोखरणारी अळी ही दुसरी, मर रोग ही तिसरी. आणि ‘या पिकावर ही कीड पडते’, ‘या पिकास हा रोग होतो’ हे त्या गाठींना जोडणारे धागे. इंग्रजीत नॉलेज ग्राफ या नावाने ओळखले जाणारे ज्ञानजाल ते हेच.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेला ‘ॲग्रोव्हॉक’ हा शब्दसंग्रह अशा जाळ्याचे ठळक उदाहरण होय. त्यात ४० हजारांहून अधिक संकल्पना असून त्यांची नावे कमीअधिक प्रमाणात ४० हून अधिक भाषांत दिलेली आहेत. हिंदी व तेलुगू या त्यांपैकीच. हा संग्रह पाहण्यासाठी फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तयार केलेले ‘स्कॉसमॉस’ हे साधन वापरले जाते. एखाद्या संग्रहात एकूण संकल्पना किती, प्रत्येक भाषेत मुख्य संज्ञा किती आणि पर्यायी संज्ञा किती, यांचे कोष्टक दाखविण्याची सोय या साधनात आहे.

असले कोष्टक तज्ज्ञांच्या कामाचे, गावपातळीवरील कार्यकर्त्यास त्याचा काय उपयोग, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त नाही. शेतकरी प्रश्न विचारतो तो आपल्या बोलीतील शब्दाने. तो शब्द जाळ्यात नसेल, तर मागे कितीही ज्ञान साठविलेले असले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गाजर गवताचे उदाहरण घ्यावे. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदले गेलेले हे तण कोठे काँग्रेस गवत, तर कोठे चटक चांदणी म्हणून ओळखले जाते. यांपैकी एकच नाव नोंदलेले असेल, तर इतर दोन नावांनी शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

म्हणून कोष्टक वाचताना मुख्य संज्ञांच्या रकान्यावर समाधान मानू नये. कचेरीत बसून केलेल्या भाषांतराने तो रकाना भरता येतो. शिवारातील शब्द बहुधा पर्यायी संज्ञांच्या रकान्यात येतात, आणि तो रिकामा असेल तर त्या भाषेतील शेतकऱ्याचा आवाज तेथे उमटलेला नाही, असेच समजावे.

तथापि, केवळ आकडा वाढविणे हेही साध्य नव्हे. पोत्याचे वजन बियाण्याची उगवण सांगत नाही. त्याकरिता दाणे भिजवूनच पाहावे लागतात. २०१८ साली कर्नाटकात मक्यावर आढळलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात राहून पीक खाते. कोकणात भाताच्या लोंब्या कुरतडणाऱ्या अळीसही लष्करी अळीच म्हणतात. पण ती कीड वेगळी. तांबेरा गव्हावर पडतो व सोयाबीनवरही, परंतु त्यांच्या बुरशी भिन्न आहेत. जोंधळा व ज्वारी ही एकाच पिकाची नावे, तर शाळू म्हणजे रब्बी हंगामातील ज्वारी. हे सारे शब्द विचार न करता एकमेकांस जोडले, तर कोष्टकातील संख्या वाढेल, पण सल्ला चुकेल. चुकीच्या फवारणीचा खर्च कोष्टकात दिसत नाही. तो शेतकऱ्याच्या पदरी पडतो.

हा दोष दूर करण्याचे सामर्थ्य गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हाती आहे. त्याने एक वही ठेवावी. पीक, कीड, रोग वा तण यांचे गावात रूढ असलेले नाव, गाव व तालुका, ज्या पिकावर ते आढळले ते पीक, आणि नुकसानीचे लक्षण, एवढे चार रकाने पुरेत. शक्य तेथे छायाचित्र घ्यावे अथवा नमुना राखावा. कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून शास्त्रीय नावाची खातरजमा झाल्यावाचून कोणतेही नाव पक्के मानू नये. शेतकरी बंधूंनी, विशेषतः निंदणी-खुरपणी करणाऱ्या भगिनींनी, आपल्या तोंडचे नाव गावंढळ समजून लपवू नये. तणांची नावे त्यांना जेवढी ठाऊक असतात, तेवढी इतर कोणास क्वचितच असतात.

जाळे विणणारे तज्ज्ञ दूर असतात. त्यांना शिवारातील शब्द आपोआप कळत नाहीत. कोष्टकातील आकडा उणीव दाखवू शकतो, ती भरून काढू शकत नाही. येत्या खरिपाच्या पेरणीपासूनच अशा नोंदी प्रत्येक गावात सुरू होणे अगत्याचे आहे.