‘लॅझरस’वर एवढ्यात निकाल नको



शिनिचिरो वातानाबे यांच्या ‘लॅझरस’ या ॲनिमे मालिकेचा पहिलाच भाग पाहून गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ‘नुसती पळापळ’ असा शेरा मारला. तो मला पटला नाही.

नायक ॲक्सेल तुरुंगातून निसटतो आणि भिंतींवरून, छपरांवरून धावत सुटतो, हे खरे. पण त्यामागचे जग पाहा. साल २०५२. हॅप्ना नावाच्या वेदनाशामकाने माणसाचे दुखणे संपवले आहे. तेवढ्यात ते शोधणारा, तीन वर्षे गायब असलेला डॉ. स्किनर प्रकटतो आणि सांगतो, गोळी घेतलेला प्रत्येक जण मरणार. हातात ३० दिवस. माझ्या आईच्या उशाशी कायम वेदनाशामकांची पाकिटे असतात. ती घोषणा ऐकताना माझी नजर तिकडेच गेली.

स्किनरला शोधणाऱ्या पाच जणांच्या चमूची ओळख घाईत उरकली आहे, हे मान्य. वातानाबेंच्या १९९८च्या ‘काउबॉय बीबॉप’मधली माणसे पहिल्या भेटीतच जिवाला लागली होती, इथे तसे झाले नाही. कामासी वॉशिंग्टन यांचे संगीत मात्र अजून कानात आहे.

मालिका १३ भागांची आहे. पत्रलेखकांनी आणखी दोन-तीन भाग पाहून पुन्हा लिहावे, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, सांगली