पांचशे डॉलरांचा चाकू

मिटत्या चाकूस ५०० डॉलर मोजावे काय, या प्रश्नावर अमेरिकेंतील चाकूशौकीन मंडळींत मोठा खल चालतो. रोख बहुधा ‘सेबेंझा’वर असतो. दक्षिण आफ्रिकेंतून १९८९ सालीं अमेरिकेस गेलेल्या क्रिस रीव्ह यांची ही निर्मिति. झुलू भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘काम’. टिटॅनियमच्या मुठीचीच एक पट्टी आंत वळून उघड्या पात्यास मागून टेंकू देते, निराळी कळ लागत नाहीं. ही युक्तिहि त्यांचीच.

एक पक्ष म्हणतो, मजुरी वाढली, शिवाय २०२५ सालीं परदेशी पोलादावरील जकात आधीं २५ व मग ५० टक्के झाली, भाव चढणारच. दुसरा पक्ष फ्रान्समधील सावॉयच्या ओपिनेलकडे बोट दाखवितो. १८९० पासूनचा हा लांकडी मुठीचा चाकू २० डॉलरांच्या आसपास मिळतो, आणि सफरचंद तितकेंच नीट चिरतो! ज्याचें नांव ‘काम’, तोच कामकऱ्याच्या आवांक्याबाहेर गेला, हें शल्य मला रास्त वाटतें.

तथापि सेबेंझा सुटा करून, पुसून, पुन्हां जोडतां येतो. रोज वापरणाऱ्यानें किंमत वर्षांनीं भागून पाहावी. भाव वाढेल म्हणून पेटींत जपणाऱ्यांस मात्र हा हिशेब लागू नाहीं. त्यांच्या चाकूनें अद्याप सुतळीहि कापलेली नसते.