शर्यतीचा दंडक आणि रस्त्याची रीत

मोटारींच्या शर्यती हा काही आपल्या घरांतला खेळ नव्हे. गोरखी, दौलतगंज, कंपू या भागांत वाढलेल्या मराठी पिढ्यांनी कुस्तीचे आखाडे पाहिले, हॉकी पाहिली, आणि कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाच्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने काढलेल्या दोनशे धावा तर आपल्या गावाच्याच मालकीच्या झाल्या. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाड्यांचा खेळ मात्र आपण दुरूनच पाहिला. असे असूनही या महिन्यात त्या खेळाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्या खेळात शिक्षेचा जो विचार झाला आहे, तो आपल्या घरांना आणि रस्त्यांना फार जवळचा आहे, असे आम्हांस वाटते. मुलगा अकरावीत गेला की घरात दुचाकीची मागणी होते, आणि महिन्याभरात ती दुचाकी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या दुचाकीशी चढाओढ करू लागते, ही कथा आज कोणत्या मोहल्ल्यात घडत नाही?

ज्या यमुना एक्सप्रेसवेने आपण आग्र्याहून दिल्लीकडे जातो, त्याच्याच कडेला ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्याआधीच्या दोन आठवड्यांत डॅन व्हेल्डन हा मोटारचालक लास वेगास येथे आणि मार्को सिमोनचेली हा मोटारसायकलस्वार मलेशियात शर्यतीतच मृत्यू पावला होता. त्या दोघांसाठी शर्यतीपूर्वी एक मिनिट शांतता पाळण्यात आली. शर्यत सुरू झाली, आणि निम्मी होण्याच्या आतच एका वळणावर ब्राझीलचा फेलिपे मासा आणि इंग्लंडचा लुइस हॅमिल्टन यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. हॅमिल्टन आतल्या बाजूने पुढे निघण्याच्या बेतात होता, मासाने आपली गाडी वळवली, आणि टक्कर झाली. कोणालाही इजा झाली नाही. तरी पंचांनी मासाला दोषी ठरवून ‘ड्राइव्ह-थ्रू’ची शिक्षा दिली. या शिक्षेत चालकाला शर्यत चालू असतानाच आपली गाडी दुरुस्तीच्या गल्लीतून, तेथे ठरवून दिलेल्या मंद वेगाने, न थांबता न्यावी लागते. तेवढ्यात प्रतिस्पर्धी पुढे निघून जातात. या शिक्षेवर अपील नसते. मासाला तो निर्णय पटला नाही, पाहणाऱ्यांतही दोन तट पडले. परंतु शिक्षा त्याने तेथल्या तेथे भोगली.

ही हकीकत एकतर्फी समजू नये. त्याच वर्षी मोनाको आणि सिंगापूर येथे याच दोघांच्या गाड्या आदळल्या होत्या, आणि त्या दोन्ही वेळा शिक्षा हॅमिल्टनला झाली होती. कोण मोठा, कोण कोणत्या संघाचा, हे पाहून पंचांनी तराजू हलवला नाही. वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या शर्यतीनंतर दोघांनी मनातली अढी काढून टाकली. शिक्षा वेळच्या वेळी आणि दोघांनाही मिळाली, म्हणून वैर फार काळ टिकले नाही, असे आम्ही समजतो.

या पंचांच्या कामात एक तत्त्व सांगितले जाते. कृतीकडे पाहावे, परिणामाकडे पाहू नये. दुसऱ्याची गाडी थोडक्यात वाचली म्हणून धडक देणाऱ्याचा दोष हलका होत नाही, आणि निव्वळ दुर्दैवाने मोठा अपघात झाला म्हणून साध्या चुकीचा गुन्हा बनत नाही. ऐकायला हे सोपे आहे. आचरणात आणणे किती अवघड आहे, याची साक्ष त्या खेळाचाच इतिहास देतो.

१९८९ साली जपानमधील सुझुका येथे अलें प्रोस्त आणि आयर्टन सेना यांच्या गाड्या आदळल्या आणि जगज्जेतेपदाचा निकाल त्या टकरीने लागला. पुढच्याच वर्षी त्याच ठिकाणी, पहिल्याच वळणावर, सेनाने प्रोस्तला धडक दिली. दोघेही शर्यतीतून बाद झाले आणि जगज्जेतेपद सेनाला मिळाले. ती धडक बुद्धिपुरस्सर होती, हे त्याने वर्षभराने स्वतःच सांगितले. शिक्षा झाली नाही. पुढच्यांनी यातून कोणता धडा घ्यावयाचा? १९९७ साली स्पेनमधील हेरेझ येथे मायकेल शूमाखरने झाक विलनव्हच्या गाडीवर आपली गाडी घातली. या वेळी मात्र त्याचे वर्षभराच्या स्पर्धेतील दुसरे स्थान काढून घेण्यात आले, आणि रस्ता-सुरक्षेच्या प्रचारमोहिमेत काम करण्याचेही त्याला फर्मावण्यात आले. कित्येकांना ही शिक्षा सौम्य वाटली. पुढे २००८ साली सिंगापूर येथे तर एका संघाने आपल्याच चालकाला मुद्दाम भिंतीवर गाडी आदळावयास लावले, जेणेकरून त्याच्या जोडीदाराचा लाभ व्हावा. ते कपट वर्षभराने उघड झाले. ज्या खेळात धडक हे डावपेचाचे साधन होते, त्या खेळात एके दिवशी असला सौदाही होतो. पहिली बुद्धिपुरस्सर धडक माफ झाली की दुसरीची किंमत कमी होत जाते.

म्हणून २०१४ सालापासून तेथे नवा दंडक आला. प्रत्येक चालकाच्या परवान्यावर दोषाचे गुण नोंदवले जातात; बारा महिन्यांत बारा गुण झाले की एका शर्यतीस मुकावे लागते. दहा वर्षे कोणीही त्या आकड्यापर्यंत पोचले नव्हते. २०२४ साली डेन्मार्कचा केव्हिन मॅग्नुसन पोचला. इटलीतील मोंझा येथे पिएर गॅस्लीच्या गाडीला त्याची गाडी लागली, शेवटचे दोन गुण पडले, आणि अझरबैजानच्या शर्यतीत त्याला बाहेर बसावे लागले. यातली मौज अशी की, ज्याला धक्का लागला त्या गॅस्लीनेच, एवढ्यासाठी बंदी होऊ नये, असे म्हटले. तरीही बंदी कायम राहिली. गॅस्लीचे औदार्य खरे, आणि नियमाची ताठरताही खरी. आम्हांस येथे दोघांपैकी एकालाही दोष द्यावासा वाटत नाही. क्षमा करणे हा प्रतिस्पर्ध्याचा अधिकार आहे. परंतु बारा महिन्यांचा हिशेब एका धक्क्याचा नसतो, तो सवयीचा असतो, आणि सवयीचा हिशेब नियमालाच ठेवावा लागतो.

खिलाडूवृत्तीचे याहून मोठे उदाहरण १९५८ सालचे आहे. पोर्तुगालमधील ओपोर्टो येथे इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसने शर्यत जिंकली, आणि त्याचाच देशबंधू व प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न दुसरा आला. शर्यतीत गाडी फिरल्यावर हॉथॉर्नने ती उलट्या दिशेने नेली, असा आक्षेप निघाला, आणि त्याला बाद ठरविण्याची वेळ आली. मॉस स्वतः पंचांसमोर गेला आणि हॉथॉर्नची गाडी त्या वेळी मार्गावर नसून पदपथावर होती, अशी साक्ष त्याने दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षाच्या अखेरीस हॉथॉर्नचे ४२ आणि मॉसचे ४१ गुण झाले. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. जगज्जेतेपद एका गुणाने गेले, आणि मॉसला ते पुढेही कधी मिळाले नाही. आखाड्यात हात मिळवून, माती लावून लढणाऱ्या आपल्या जुन्या पैलवानांना ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर त्यांना ती समजावून देण्याची गरज पडली नसती.

त्याच हॉथॉर्नचा शेवटही सांगावयास हवा. जगज्जेता होताच त्याने शर्यती सोडल्या. २२ जानेवारी १९५९ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्डजवळच्या साध्या सार्वजनिक रस्त्यावर त्याची मोटार ओल्या सडकेवरून घसरली आणि तो मृत्यू पावला. वय अवघे एकोणतीस. ज्या काळात शर्यतीच्या मैदानात दरवर्षी चालक मरत होते, त्या काळातून तो सुखरूप बाहेर आला, आणि रस्त्याने त्याला गाठले.

रस्त्याकडे वळण्याची हीच जागा आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवाल सांगतो. आणि दर दहा मृत्यूंपैकी सात अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक रीतीने गाडी चालविण्याला शिक्षा सांगते, आणि १८९ वे कलम सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्याला. २०१९ च्या दुरुस्तीने हे दंड वाढविले. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. विशेष हे की, १८४ किंवा १८९ कलम लागू होण्यासाठी कोणी जखमी व्हावे लागत नाही. म्हणजे कृतीकडे पाहावे, परिणामाकडे नाही, हे तत्त्व आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. ते ठाऊक नाही ते आपल्या रीतीला. कोणी मेले तर गुन्हा, हातपाय मोडले तर तडजोड, आणि काहीच झाले नाही तर पोराची हुशारी, असा आपला तराजू आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. ती दोघेही आपल्या मध्यप्रदेशातून नोकरीसाठी पुण्यास गेलेली. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपलीही मुले पुण्याची वाट धरतात. म्हणून ती बातमी आपल्या घरांत परकी वाटली नाही. बाल न्याय मंडळाने त्या मुलाला काही तासांतच जामीन दिला, आणि जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशी एक अट होती. देशभर संताप उसळला, तेव्हा तो हुकूम बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले.

निबंधाची टिंगल पुष्कळ झाली. अल्पवयीनाला सुधारण्याची संधी द्यावी, हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे, आणि त्याची टिंगल आम्ही करणार नाही. शूमाखरलाही सुरक्षेच्या मोहिमेत काम करावयास लावले होते. परंतु त्याचे वर्षभराचे स्थान आधी गेले होते, आणि मोहीम त्यानंतरची होती. शिकवण ही शिक्षेच्या जागी ठेवली की ती शिकवणही राहत नाही. शिवाय तो निबंध फार उशिरा आला. मद्य, मध्यरात्र आणि चावी यांच्या आड कोणीतरी उभे राहावयाचे ते त्या रात्रीच्या कितीतरी आधी.

ते कोणीतरी म्हणजे घरातली वडील माणसे. येथे आम्ही दोन गोष्टी सुचवितो. पहिली ही की, घरातही कृतीचा हिशेब ठेवावा. मुलगा लाल दिवा ओलांडून आला, हेल्मेट न घालता गेला, रात्री कोणाशी शर्यत लावली, असे कळले, तर सुखरूप परतला या आनंदात ते सोडून देऊ नये. चावी पंधरा दिवस कपाटात जावी. पुन्हा झाले तर तीन महिने. दंडक आधी सांगून ठेवावा, थोरल्याला आणि धाकट्याला सारखाच लागू करावा, आणि वडिलांनाही लावावा. ‘ड्राइव्ह-थ्रू’ची शिक्षा लहान असते, पण ती तेथल्या तेथे होते, यातच तिचा गुण आहे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपल्या मुलाची गाडी कोणाला लागली की पहिला फोन आपण कोणाला करतो? बहुधा ओळखीच्या माणसाला. जखमी कोण, त्याला कोणत्या दवाखान्यात नेले, हे विचारण्याआधी प्रकरण मिटेल कसे, हे विचारले जाते. मॉसने प्रतिस्पर्ध्यासाठी खरे सांगितले आणि जगज्जेतेपद गमावले. आपल्याला तेवढे मोठे काही गमवावयाचे नसते. फक्त आपल्या माणसाविरुद्ध खरे सांगावयाचे असते. खिलाडूवृत्तीची परीक्षा तेथे होते.

वेगाची ओढ तरुणपणी असणारच, आणि ती पाप नव्हे. कोल्हापूरजवळ मुलांसाठी कार्टिंगचा मार्ग आहे. त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन धावला. तेथे शिरस्त्राण असते, पंच असतात, रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून शाळेतले मूल किंवा भाजीची पिशवी घेतलेली आजी येत नसते. एवढे असूनही तेथे प्राण जातात, म्हणूनच तेथला दंडक इतका कडक आहे. आपल्या रस्त्यांवर यांपैकी काहीच नसते. तेथे पंच नेमला जाण्याची वाट न पाहता प्रत्येक घराने आपला पंच स्वतः व्हावे, एवढीच वाचकांस विनंती.