जहाजावरचा वायरमन स्टेजवर लाइट करू शकतो का?



मागच्या महिन्यात दुकानात एक जण आला. अंबड तालुक्यातला, माझ्याच वयाचा. नौदलात १५ वर्षं इलेक्ट्रिकलचं काम करून पेन्शनवर घरी आलेला. आल्या आल्या विचारतो, "सर, चहाची फ्रँचायझी घेऊ का?" मी म्हटलं, "भाऊ, जहाजावर काय करत होता?" तो म्हणाला, "विशेष काही नाही सर. वायरिंग, जनरेटर, स्विचबोर्ड."

या "विशेष काही नाही"मुळेच आपली माणसं बुडतात. नौदलाचं इलेक्ट्रिकलचं ट्रेनिंग जामनगरला आयएनएस वलसुरावर होतं. ते घेऊन १५ वर्षं जहाज चालू ठेवलेला माणूस चहा विकायला निघतो, कारण शेजारच्याचा चहा चाललाय. चहा वाईट नाही हो. पण तिथे तुम्ही शून्यापासून सुरू करता.

मी त्याला म्हटलं, "स्टेज लाइटिंगचा विचार केला का?" तो हसला. म्हणाला, "ते कलाकाराचं काम आहे." म्हणून त्याला तापस सेन यांची गोष्ट सांगितली.

तापस सेन यांचा जन्म १९२४ चा, आसाममधल्या धुबडीचा. वाढले दिल्लीत. शाळेत असतानाच नाटकाला लाइट करायला लागले. पुढे दिल्लीच्या नगरपालिकेत विजेच्या खात्यात नोकरी केली. म्हणजे सुरुवात वायर आणि बल्बपासूनच. नंतर कोलकात्याला गेले आणि भारतातले सगळ्यात नावाजलेले प्रकाशयोजनाकार झाले. १९५९ च्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि अडकलेले मजूर बुडतात. स्टेजवर पाण्याचा थेंब नाही, पाणी चढत गेलं ते फक्त प्रकाशातून! 'सेतू' नाटकात त्यांनी प्रकाशातून स्टेजवर रेल्वे आणली. महागडी यंत्रं नव्हती तेव्हा पत्र्याच्या डब्यांचे दिवे बनवून काम भागवलं. १९७४ ला त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ते नौदलात नव्हते, पण नौदलाचं एक मोठं नाटक त्यांच्या प्रकाशात उभं राहिलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वर नौसैनिकांचा उठाव सुरू झाला. त्यावर १९६५ मध्ये उत्पल दत्त यांनी 'कल्लोळ' बसवलं. उत्पल दत्त म्हणजे आपल्या 'गोलमाल'मधले भवानीशंकर! खऱ्या उठावातल्या कित्येकांची नोकरी गेली आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. त्यांच्यातले टेलिग्राफिस्ट बी. सी. दत्त मुंबईत पत्रकार झाले, पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेले. निरोप पोचवणं हेच त्यांचं काम होतं, फक्त जागा बदलली.

माझं मत स्पष्ट आहे. नोकरी सुटते, हातातलं काम सुटत नाही. ते काम आता कोणाला हवंय, एवढंच शोधायचं.

आता जालन्यात बघा. लग्न, गणपती, नवरात्र, शाळांची गॅदरिंग, सगळीकडे लाइट लागतात. जुना पार-६४ दिवा १००० वॅटचा. दहा लावले की १० किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ४३ अँपिअर. ५४ एलईडींचा, प्रत्येकी ३ वॅटचा पार घेतला तर दहा मिळून ७ अँपिअर. हा हिशेब न करता मंगल कार्यालयाच्या एका सॉकेटवर सगळं जोडणारे मी पाहिलेत. अर्थिंगचा तर पत्ताच नसतो. नौदलातून आलेला माणूस आधी लोड मोजेल, अर्थिंग तपासेल, मग स्विच दाबेल. गिऱ्हाइकाला हीच खात्री विकायची. भाड्याने दिवे देणारे ढीगभर आहेत. "कार्यक्रम अंधारात जाणार नाही" असं छातीठोक सांगणारे किती?

कला नंतर येते, पण शिकावीच लागते. चेहऱ्यावर लाइट कुठून पडावा, कधी अंधार करावा, हे वायरिंगच्या ज्ञानातून येत नाही. त्यासाठी नाटकवाल्यांसोबत बसा. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं आणि ते महाराष्ट्रभर गाजलं. म्हणजे नाटकाची माणसं आपल्या मातीतही आहेत.

हे आत्ताच का सांगतोय? नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या शेवटी आयएनएस चिल्कावर दाखल झाली. त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरतात. जास्तीत जास्त २५ टक्के पुढे राहणार, बाकीची पोरं सुमारे ११.७१ लाख रुपये सेवा निधी घेऊन घरी येणार. पंचविशीच्या आतबाहेरचं पोरगं आणि खात्यात ११ लाख! गावात सल्ला देणाऱ्यांची रांग लागेल. त्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं:

१. पहिले तीन महिने एक रुपयाही गुंतवू नका. चालू धंदेवाल्याच्या हाताखाली काम करा.
२. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. पावसाळ्यात लग्नं नसतात, या धंद्याला मंदी येतेच.
३. सामान थोडं घ्या, जास्तीचं भाड्याने आणा. चमचमणारी शार्पी शेवटी घ्या.
४. अर्धा अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय गाडी भरू नका. उधारीत कलाकारही मरतो आणि धंदाही.

तो अंबडचा भाऊ सध्या एका मंडपवाल्याकडे जातोय. धंदा चालेल की नाही, आज सांगता येणार नाही. पण परवा फोनवर म्हणाला, "सर, इथं कोणालाच लोड काढता येत नाही." मी म्हटलं, "भाऊ, मग तुझं दुकान तिथंच आहे."

आजचा गृहपाठ: तुमच्या आधीच्या कामातलं "विशेष काही नाही" एका कागदावर लिहा. मग विचारा, यातल्या कशाचे पैसे द्यायला जालन्यात कोण तयार आहे?