अज्जीला सांगायचं का?

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला सुरतला गेलो होतो. उधना-लिंबायत भागात खानदेशी मराठी इतकी कानावर पडते की आपण गुजरातेत आहोत हेच विसरायला होतं.

ताईच्या शेजारच्या एक बाई कागद घेऊन आल्या. "सर, इंग्रजी आहे, वाचून सांगा." नवरा एचआयव्हीनं गेलेला. त्यांना आणि धाकट्या मुलाला औषध चालू. कागदावर लिहिलं होतं, थोरल्या मुलीलाही तपासणीला आणा. "पण ती तर धडधाकट आहे!"

हीच आपली गफलत. जन्मतः लागण झालेलं मूल कधी कधी कित्येक वर्षं ठणठणीत दिसतं. दुसरीकडे, उपचार न मिळालेली निम्मी बाळं दोन वर्षांच्या आतच दगावतात. म्हणून घरात एकाला लागण कळली, की सगळ्या मुलांची तपासणी करायची. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे साधी चाचणी फसवते. म्हणून सहाव्या आठवड्यापासूनच टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर घेऊन थेट विषाणू शोधतात. आपल्याकडे मुलांसाठी मोफत औषधयोजना 2006 साली सुरू झाली.

बाईंची खरी अडचण वेगळीच होती. त्या दिवसभर कामावर, औषध पाजणार सासूबाई. त्यांना सांगितलेलं, "ताकदीचं औषध आहे." मूल हसतं-खेळतं दिसलं की त्या बाटली ठेवून देत. एचआयव्हीचं औषध असं मधेच सुटलं की विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

"सासूबाईंना सांगू का?" त्यांनी विचारलं. ताट-तांब्या वेगळा होईल, ही भीती.

2018 पासून लागू झालेल्या कायद्यानं ही गोष्ट गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. सांगायचं की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. मी एवढंच म्हटलं, "समुपदेशकांना विचारा, त्यांच्यासमोर सांगता येईल." नातवाला भरवणाऱ्या हातालाच अंधारात ठेवून उपचार कसे चालणार?

महिन्याभरानं ताईचा फोन आला. मुलीला लागण नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर?"

मराठीत आजी, कन्नडमध्ये अज्जी. आपल्या सीमाभागातही लेकरं तिच्याच हातून जेवतात. बेळगाव, सांगली, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत मिळतात. 1097 या क्रमांकावर विचारायलाही पैसे पडत नाहीत.