पडत्या बाजारातील एसआयपी : दुसरी बाजू



बाजार पडताच परभणी जिल्ह्यातील लहान गुंतवणूकदारांनी एसआयपी थांबवावी, हा या सदरातील पत्रात दिलेला सल्ला सरसकट मान्य करण्याजोगा नाही. एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत असून, युनिटचा भाव 50 रुपये असताना 2,000 रुपयांत 40 युनिट मिळतात, तर भाव 40 वर उतरल्यास 50 मिळतात. म्हणजे पत्रलेखक ज्या महिन्यांत थांबायला सांगतात, नेमकी त्याच महिन्यांत खरेदी स्वस्त पडते. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातील 30 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, एकाच दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला, तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जानेवारीतील उच्चांक ओलांडला. अर्थात, निर्देशांक सावरला म्हणून डबघाईला आलेल्या एखाद्या कंपनीचा शेअरही सावरेल, असे मुळीच नाही.

पत्रातील काळजी एका ठिकाणी मात्र अगदी रास्त आहे : मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस विकून हाती आलेला पैसा जूनमध्ये बियाण्या-खतांना लागणार असेल, तर तो शेअर बाजारात मुळातच जाऊ नये. अशा पैशाची जागा बँकेतील ठेवीतच आहे.

— एक वाचक, परभणी